व्हिडिओसोबत बोर्ड होतो, स्वतःचा करायला घेतला की अडतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. इलेक्ट्रॉनिक्सची जुजबी माहिती आहे, दोनेक महिने कीकॅड या सर्किट बोर्ड (पीसीबी) डिझाइन करायच्या सॉफ्टवेअरचे व्हिडिओ बघणं चालू आहे. व्हिडिओ थांबवत थांबवत सोबत केलं की बोर्ड शेवटपर्यंत होतो. पण स्वतःचं सर्किट घेऊन नवीन प्रोजेक्ट उघडला की पहिल्या दहा मिनिटांतच हात थांबतो. तर सॉफ्टवेअर बदलावं का, की याहून चांगली व्हिडिओ मालिका शोधावी? आणि स्वतःहून बोर्ड जमायला किती दिवस लागतात?

सॉफ्टवेअर बदलू नका आणि नवीन मालिकाही शोधू नका. मी बरीच वर्षं बोर्ड डिझाइनचं काम करते, नव्याने आलेल्यांना शिकवतेही, आणि ही अडचण त्यांच्यापैकी बहुतेकांना येते. हुशार माणसांनाही येते. तुम्ही कमी बघितलंय असं नाही. व्हिडिओत जे दिसतं आणि बोर्ड करताना जे लागतं, ते दोन्ही एक नाही.

एका व्हिडिओत तीन गोष्टी एकदम चाललेल्या असतात. पहिली, सर्किट: हा रिझिस्टर इथे का, त्याचं मूल्य (ओहममध्ये) एवढंच का. दुसरी, बोर्डाची विद्या: पार्ट कुठे ठेवायचा, ट्रॅक किती रुंद, ग्राउंड कसं न्यायचं. तिसरी, सॉफ्टवेअर: कोणतं बटण दाबलं की काय होतं. पडद्यावर फक्त तिसरी दिसते. सांगणारा माणूस कपॅसिटर उचलून आयसीच्या पायाशी ठेवतो आणि दोन सेकंदांत पुढे जातो. तुम्हाला माउस कुठे गेला ते दिसतं, पण तो कपॅसिटर तिथेच का, हे त्याच्या डोक्यात राहतं. दुसऱ्याने सोडवलेलं गणित वाचताना प्रत्येक पायरी पटते आणि कोऱ्या वहीवर तेच गणित घेतलं की पहिली पायरी सुचत नाही, तसं हे आहे. तुमची बटणं पाठ झालीत. निर्णय घ्यायची वेळ अजून तुमच्यावर आलेली नाही.

आता यात माणसागणिक फरक पडतोच. स्किमॅटिक, म्हणजे सर्किटचं चिन्हांनी काढलेलं चित्र, वाचताच येत नसेल, ट्रान्झिस्टरचं चिन्ह बघून कोणता पाय कोणता हे सांगता येत नसेल, तर आधी ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता पार्ट खोचायच्या पाटीवर) तीन-चार सर्किटं जोडा. डिझाइनचं सॉफ्टवेअर तोवर बंद ठेवा. नोकरीसाठी शिकत असाल आणि जिथे जायचंय तिथे अल्टियम हे दुसरं डिझाइन सॉफ्टवेअर वापरत असतील, तर शेवटी अल्टियम शिकावंच लागेल. पण त्याआधी कीकॅडवर दोन बोर्ड पुरे केलेला माणूस अल्टियमवर लवकर रुळतो, कारण विद्या तीच असते, फक्त मेनू बदलतात. आणि सोल्डरिंग अजिबात येत नसेल तर तेही याच काळात सुरू करा. बोर्ड हातात घेऊन जोडल्याशिवाय डिझाइनमधल्या निम्म्या गोष्टींचं कारण कळत नाही.

सॉफ्टवेअरबद्दल थोडक्यात. कीकॅड मोफत आणि मुक्त आहे. ज्यां-पिएर शारा यांनी १९९२ मध्ये ते सुरू केलं, पुढे सर्नसारख्या संशोधन संस्थेने त्याच्या विकासाला हातभार लावला. आज त्यावर कितीही मोठा बोर्ड करता येतो. ईझीईडीए ब्राउझरमध्ये चालतं आणि सुरुवातीला सोपं वाटतं. तुम्ही कीकॅडऐवजी ते वापरत असतात तरी माझं उत्तर हेच असतं. मी फक्त ईगलवर नव्याने वेळ घालू नका असं सांगेन. त्याचे व्हिडिओ भरपूर आहेत, पण ७ जून २०२६ ही त्याच्या विक्रीची आणि साहाय्याची अखेरची तारीख असल्याचं ते विकणाऱ्या ऑटोडेस्क कंपनीने २०२३ मध्येच जाहीर केलं होतं.

व्हिडिओ निवडताना एक गोष्ट मात्र आधी बघा: आवृत्ती. कीकॅड ६ डिसेंबर २०२१ मध्ये आलं आणि त्यात चेहरामोहरा, स्किमॅटिकच्या फाइलचं स्वरूप, बरंच काही बदललं. मग ७, ८ आणि ९ या आवृत्त्या अनुक्रमे २०२३, २०२४ आणि २०२५ च्या फेब्रुवारीत आल्या. २०१७ चा व्हिडिओ समोर ठेवून आजचं सॉफ्टवेअर चालवायला गेलात तर दर पाच मिनिटांनी ‘माझ्याकडे हे बटणच नाही’ असं होणार. त्या व्हिडिओंत नेटलिस्टची (कोणता पाय कशाला जोडलाय याच्या यादीची) फाइल बनवायची आणि मग बोर्डाच्या खिडकीत ती वाचून घ्यायची अशी एक पायरी असते. आता एफ८ दाबलं की स्किमॅटिकमधले बदल थेट बोर्डात येतात. नवशिका माणूस अशा वेळी स्वतःलाच दोष देतो आणि सोडून देतो. तेव्हा तुमच्याकडची आवृत्ती आणि व्हिडिओची आवृत्ती जुळते का बघा. शिवाय कीकॅडच्या मदत मेनूतच सुरुवात कशी करावी याची एक छोटी लिखित पुस्तिका आहे, ती त्या त्या आवृत्तीची असते. कुठल्याही व्हिडिओआधी ती वाचून काढा असं मी सगळ्यांना सांगते.

बघायची पद्धतही बदलायला हवी. व्हिडिओ बघताना कीबोर्डला हात लावू नका. कागद घ्या आणि जिथे जिथे सांगणाऱ्याने काहीतरी ठरवलं, तेवढंच लिहा: ‘फूटप्रिंट हाच का घेतला?’, ‘ट्रॅक इथे जाड का केला?’, ‘हे चिन्ह कशाला लावलं?’ बटणं लिहू नका. मग व्हिडिओ बंद करा आणि त्याच्यासारखंच, पण थोडं वेगळं सर्किट स्वतः करा. वेगळं हवंच. त्याने एक एलईडी लावला असेल तर तुम्ही दोन लावा, त्याने पृष्ठभागावर बसणारे पार्ट वापरले असतील तर तुम्ही छिद्रातून जाणारे वापरा. एवढ्या बदलाने नक्कल करणं अशक्य होतं आणि प्रत्येक पायरीला तुम्हालाच ठरवावं लागतं. अडलात की व्हिडिओकडे परत जा, पण नेमका एक प्रश्न घेऊन, आणि उत्तर मिळालं की पुन्हा बंद.

कागदावरचे ‘का’ किती कामाचे असतात त्याचं एक उदाहरण देते. स्किमॅटिक पूर्ण झालं, सॉफ्टवेअरमधली चुका शोधणारी तपासणी चालवली, आणि इनपुट पॉवर पिनला कुठल्याच आउटपुटकडून पॉवर मिळत नाही अशा अर्थाची चूक दाखवली गेली. बॅटरीचा कनेक्टर तर समोर जोडलेला आहे. व्हिडिओत सांगतात: पॉवर फ्लॅग नावाचं चिन्ह लावा, चूक जाते. लावलं, गेली. पण का? कारण कीकॅडमध्ये प्रत्येक पिनला एक प्रकार दिलेला असतो. आयसीची पुरवठ्याची पिन ‘पॉवर घेणारी’ असते, आणि कनेक्टरची पिन नुसती ‘पॅसिव्ह’. तिथून वीज येते की तिथे जाते हे प्रोग्रामला कळायला मार्ग नाही. पॉवर फ्लॅग म्हणजे ‘इथून पुरवठा येतो’ असं तुम्ही त्याला लेखी सांगणं. हे एकदा समजलं की पुढच्या सर्किटमध्ये व्होल्टेज रेग्युलेटरच्या आउटपुटवर हा फ्लॅग का लागत नाही आणि कनेक्टरच्या ग्राउंडवर का लागतो, हे तुम्ही स्वतः सांगू शकता. नुसतं ‘लावलं की जातं’ एवढं शिकलेला माणूस सगळीकडे फ्लॅग लावत सुटतो आणि तपासणीचा उपयोगच संपवतो.

पहिला बोर्ड म्हणून मी ५५५ टायमरचं, म्हणजे ठराविक वेळाने आउटपुट चालू-बंद करणाऱ्या आठ पायांच्या आयसीचं, सर्किट सुचवते. मायक्रोकंट्रोलर नको, यूएसबी नको. ९ व्होल्टचा पुरवठा, ५५५, दोन एलईडी आळीपाळीने लुकलुकणारे: एक आउटपुट आणि ग्राउंडच्या मध्ये, दुसरा पुरवठा आणि आउटपुटच्या मध्ये, दोघांना एकेक किलोओहमचा रिझिस्टर. टायमिंगसाठी पुरवठा ते पिन ७ हा १० किलोओहम, पिन ७ ते ६ हा ६८ किलोओहम, आणि ६ ते ग्राउंड १० मायक्रोफॅरड. २ आणि ६ एकत्र जोडायच्या, ४ पुरवठ्याला, ५ वर १० नॅनोफॅरडचा कपॅसिटर, आणि पुरवठ्याच्या पिन ८ ला १०० नॅनोफॅरडचा. वारंवारता १.४४ भागिले [(१० कि. अधिक दुप्पट ६८ कि.) गुणिले १० मायक्रोफॅरड], म्हणजे सेकंदाला साधारण एकदा. डोळ्यांना दिसतं, ब्रेडबोर्डवर आधी तपासता येतं, आणि बोर्ड चालला नाही तर दोष कुठे आहे हे शोधणं आवाक्यात असतं. ब्रेडबोर्डवर चालवून झाल्याशिवाय स्किमॅटिक सुरू करू नका. नाहीतर बोर्ड बंद पडल्यावर दोष सर्किटचा की बोर्डाचा, हेच कळणार नाही.

स्किमॅटिक काढताना ग्रिड १.२७ मिलिमीटरवरच ठेवा, कितीही मोह झाला तरी बारीक करू नका. ग्रिड बदलली की वायर पिनला टेकलेली दिसते पण जोडलेली नसते. पिनच्या टोकाला छोटा गोल दिसतोय किंवा वायरच्या टोकाला छोटा चौकोन दिसतोय, तर जोडणी झालेली नाही. स्किमॅटिक संपलं की मोठं करून प्रत्येक टोक बघा.

आता फूटप्रिंट. इथे मी जास्त थांबणार आहे, कारण नवशिक्यांचे बोर्ड फुकट जातात ते बहुतेक इथे, आणि व्हिडिओत हा भाग सर्वांत घाईत उरकला जातो. स्किमॅटिकमधलं चिन्ह ही कल्पना आहे. फूटप्रिंट म्हणजे तांब्याची आणि छिद्रांची खरी मापं. ‘१० किलोओहमचा रिझिस्टर’ एवढ्यावरून बोर्डाला काहीच कळत नाही, तुमच्या हातातला रिझिस्टर केवढा आहे ते तुम्हालाच सांगावं लागतं. कीकॅडच्या यादीत हजारो नावं दिसतात आणि माणूस घाबरतो. पण ती नावं वाचायला शिका, त्यात सगळं लिहिलेलं असतं. पाव वॉटच्या रिझिस्टरच्या फूटप्रिंटच्या नावात ‘एल ६.३’, ‘डी २.५’, ‘पी १०.१६’ असे तुकडे दिसतील: अंगाची लांबी ६.३ मिलिमीटर, जाडी २.५, आणि दोन छिद्रांमधलं अंतर १०.१६. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या नावात व्यास आणि पायांमधलं अंतर असतं. ५ मिलिमीटर व्यासाचे कपॅसिटर २ मिलिमीटर अंतराचेही मिळतात आणि २.५ चेही. म्हणून पार्ट आधी हातात घ्या, व्हर्नियरने किंवा निदान पट्टीने मोजा, डेटाशीटमधलं (पार्ट बनवणाऱ्याच्या माहितीपत्रकातलं) चित्र उघडा आणि मग फूटप्रिंट निवडा. उलट क्रमाने करू नका.

मापापेक्षाही घातक म्हणजे पिनांचा क्रम. बीसी५४७ हा ट्रान्झिस्टर सपाट बाजू समोर आणि पाय खाली असा धरला तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असे पाय येतात. २एन३९०४ अगदी त्याच आकाराचा, तसाच धरला तर एमिटर, बेस, कलेक्टर. दोघेही एनपीएन, चिन्ह एकच, फूटप्रिंटही एकच बसतो. ७८०५ रेग्युलेटरचे पाय इनपुट, ग्राउंड, आउटपुट असे आहेत, तर एएमएस१११७ चे ग्राउंड, आउटपुट, इनपुट. कीकॅडच्या एलईडीमध्ये १ क्रमांकाचं पॅड (पाय सोल्डर करायची तांब्याची जागा) कॅथोडचं, म्हणजे ऋण बाजूचं, असतं. कुठून तरी उतरवलेल्या किंवा स्वतः बनवलेल्या फूटप्रिंटमध्ये ते उलटं असू शकतं. यातली एकही चूक सॉफ्टवेअर पकडत नाही. स्किमॅटिकची तपासणी स्वच्छ, बोर्डाची तपासणी स्वच्छ, त्रिमितीय चित्र सुंदर, आणि बोर्ड मेलेला. म्हणून मी आजही प्रत्येक नव्या पार्टसाठी डेटाशीट, चिन्ह आणि फूटप्रिंट शेजारी शेजारी उघडते आणि पिन क्रमांक एकेक करून पेन्सिलने टिकमार्क करते. पाच मिनिटांचं काम आहे, त्यात घाई नको.

मग मांडणी. एफ८ दाबल्यावर सगळे पार्ट एका ढिगात येतात आणि त्यांच्यामध्ये बारीक रेषांचं जाळं दिसतं. लगेच ट्रॅक ओढायला घेऊ नका. आधी कनेक्टर आणि एलईडी, म्हणजे ज्यांची जागा बाहेरच्या जगामुळे ठरलेली आहे ते, कडेला ठेवा. मग आयसी मध्ये. मग १०० नॅनोफॅरडचा तो कपॅसिटर पिन ८ आणि पिन १ ला जितका जवळ नेता येईल तितका. जुन्या बायपोलर ५५५ चं आउटपुट पालटताना तो क्षणभर पुरवठ्यातून प्रवाहाचा मोठा हिसका घेतो. तो प्रवाह जवळच्या कपॅसिटरमधून मिळाला तर ठीक, लांबच्या ट्रॅकमधून यावा लागला तर ट्रॅकच्या इंडक्टन्समुळे पुरवठा तेवढ्यापुरता खचतो. व्हिडिओत दोन सेकंदांत उरकलेली हालचाल ती हीच. बाकीचे पार्ट फिरवत, सरकवत राहा आणि जाळ्यातल्या रेषा एकमेकींना कमीत कमी छेदतील असं बघा. ट्रॅक ओढण्यापेक्षा इथे जास्त वेळ गेला पाहिजे. मांडणी नीट झाली की या आकाराच्या बोर्डाचे ट्रॅक अर्ध्या तासात होतात, आणि होत नसतील तर दोष मांडणीत शोधा.

ट्रॅक आपोआप ओढून देणारं एखादं प्लगइन व्हिडिओत दिसेल. पहिल्या काही बोर्डांत ते वापरू नका. तुम्हाला जे शिकायचंय नेमकं तेच काम ते काढून घेतं.

रुंदीची चिंताही फार नको. नेहमीच्या बोर्डावर तांब्याचा थर ३५ मायक्रॉनचा असतो. बाहेरच्या थरावर १ अँपिअरसाठी तापमान १० अंश वाढू द्यायचं म्हटलं तर आयपीसी-२२२१ या बोर्ड डिझाइनच्या मानकातल्या सूत्राने ०.३ मिलिमीटरच्या आसपास रुंदी येते. तुमच्या सर्किटमध्ये काही मिलिअँपिअर आहेत. सिग्नल ०.३, पुरवठा ०.८ ठेवा आणि खालच्या थरावर ग्राउंड भरून टाका. घरी रसायनात बोर्ड कोरणार असाल तर मात्र सगळंच ०.८ ते १ मिलिमीटर ठेवा, नाहीतर ट्रॅक तुटतील.

बोर्ड बनवायला पाठवण्याआधी एक काम न चुकता करा: बोर्डाचं चित्र १०० टक्के आकारात कागदावर छापा. छापील कागदावर डीआयपी आयसीच्या (छिद्रातून जाणारे पाय दोन ओळींत असलेल्या आयसीच्या) दोन ओळींमधलं अंतर मोजा, ७.६२ मिलिमीटर यायला हवं. आलं नाही तर प्रिंटरने आकार बदललाय. मग तो कागद थर्माकोलच्या तुकड्यावर ठेवा आणि खरे पार्ट एकेक करून त्यात खोचा. कपॅसिटरचा पाय पॅडच्या बाहेर पडतोय, कनेक्टरचं तोंड बोर्डाच्या आतल्या बाजूला वळलंय, दोन पार्टची अंगं एकमेकांवर चढताहेत, हे सगळं कागदावर दिसतं. पडद्यावर मोठं केलेलं चित्र बघून ते कधीच कळत नाही. मी नव्या माणसाकडून हा कागद पार्ट खोचलेल्या अवस्थेत बघितल्याशिवाय फाइल पुढे जाऊ देत नाही.

त्यानंतर गर्बर फाइली, म्हणजे ज्यांवरून कारखाना बोर्ड बनवतो त्या, काढा आणि त्या बनवणाऱ्याला देण्याआधी गर्बर बघायच्या प्रोग्राममध्ये स्वतः उघडून बघा. कीकॅडबरोबर तो येतोच. तांब्याचे दोन्ही थर, सोल्डर मास्क (तांब्यावरचा संरक्षक थर), छपाई, बोर्डाची कड आणि छिद्रांची वेगळी फाइल एवढं आहे ना ते मोजा. छिद्रांची फाइल वेगळ्या बटणाने निघते, म्हणून ती राहून जाते.

बोर्ड आला की लगेच पुरवठा जोडू नका. पार्ट लावण्याआधी मल्टिमीटरने पुरवठा आणि ग्राउंड एकमेकांना जोडले गेलेले नाहीत हे बघा, पार्ट लावल्यावर पुन्हा बघा. चालला नाही तर खचू नका. स्किमॅटिक समोर ठेवून पिन ८ पासून एकेक पिनचं व्होल्टेज लिहून काढा. हे तास तुम्हाला कुठल्याही व्हिडिओतून मिळणार नाहीत. आणि सापडलेली प्रत्येक चूक बोर्डाच्या फाइलशेजारीच एका साध्या यादीत लिहून ठेवा. दुसऱ्या बोर्डाआधी तीच तुमची तपासणी यादी होईल.

किती दिवस लागतील हे तुमच्या हातात रोज किती वेळ आहे आणि बोर्ड बनून यायला किती दिवस जातात यावर आहे. तास मोजण्यापेक्षा बोर्ड मोजा. माझ्या अनुभवात पहिला बोर्ड रडतखडत होतो, दुसऱ्यात बटणांचा विचार करावा लागत नाही, आणि तिसऱ्याच्या सुमारास माणूस व्हिडिओ बघताना ‘हे त्याने चुकीचं केलंय’ असं म्हणायला लागतो. दुसरा बोर्ड मात्र लगेच अवघड घेऊ नका. हेच ५५५ चं सर्किट पृष्ठभागावर बसणाऱ्या पार्टमध्ये, निम्म्या जागेत करून बघा. सर्किट माहितीचं असल्यामुळे सगळं लक्ष मांडणीवर राहतं. रिझिस्टर-कपॅसिटर ०८०५ आकाराचे घ्या, त्याहून लहान हाताने लावताना त्रास होतो. मायक्रोकंट्रोलर तिसऱ्या बोर्डावर.

मध्ये कुठे अडलात तर स्किमॅटिकचं चित्र, बोर्डाच्या दोन्ही बाजूंचं चित्र आणि पार्टचे पूर्ण क्रमांक एकत्र देऊन विचारा. नुसत्या बोर्डाच्या फोटोवरून फूटप्रिंटची चूक कुणालाच सांगता येत नाही.